मागे डिस्क टाकायचीय? आधी टायर बघा

भाच्याकडे पल्सर १५० मोटरसायकल आहे, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रमवाली. गेल्या उन्हाळ्यात म्हणाला, "मामा, मागेही डिस्क टाकून घेतो. मागचा ब्रेक हल्ली लागतच नाही." आम्ही साताऱ्यातल्या नेहमीच्या गॅरेजवर गेलो. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, गाडी मेन स्टँडला लावली, मागचं चाक हाताने सावकाश फिरवलं आणि एका जागी थांबवून टायरवर अंगठा टेकवला. बाकी सगळीकडे नक्षी ठीक होती. तिथे मात्र तळहाताएवढा पट्टा घासून गुळगुळीत झाला होता.

"हे कुठनं आलं रे?"

भाचा गप्प. कॉलेजच्या मैदानावर मागचा ब्रेक दाबून गाडी आडवी सरकवायचा खेळ मागे कधीतरी झाला होता, हे मला ठाऊक होतं. त्याच्या आईला नव्हतं.

"चाक जागच्या जागी थांबलं आणि टायर तसाच घासत गेला की असा पट्टा पडतो," मिस्त्री म्हणाले. "म्हणजे हा ड्रम चाक लॉक करत होता. थांबलेलं चाक डिस्क आणखी काय थांबवणार?"

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. ब्रेकचं काम चाक थांबवणं एवढंच असतं. गाडी थांबते ती टायर रस्त्याला जेवढा धरून राहील तेवढीच. थोडा हिशेब मांडू. गाडी आणि एक माणूस मिळून २१० किलो धरा. उभ्या गाडीत त्यातले साधारण ११५ किलो मागच्या चाकावर असतात. पण दोन्ही ब्रेक दाबून मारले की भार पुढे कलंडतो. एसटीत उभे असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तर आपण पुढच्याच्या अंगावर जातो, तसाच. या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर १,३२० मिमी आहे. भाराचा मध्य जमिनीपासून दोन फुटांवर धरला, तर अशा वेळी ६५ ते ७० किलो मागून पुढे जातात. मागे उरतात जेमतेम ४८. कोरड्या डांबरावर टायरची पकड त्याच्यावरच्या भाराच्या ८० टक्के धरली, तर मागच्या चाकाकडून मिळणारा रोध होतो ३८ किलोच्या आसपास. त्यापुढे ब्रेकने कितीही जोर लावला तरी चाक लॉक होऊन घसरणार. ओल्या रस्त्यावर तर हा आकडा आणखी खाली येतो.

३८ किलोचा रोध चांगल्या स्थितीतला १३० मिमीचा ड्रम सहज देतो. त्यामुळे मागे डिस्क बसवून गाडी कमी अंतरात थांबेल, ही अपेक्षा बहुतेक वेळा फोल ठरते. होंडाने १९६९ साली सीबी ७५० आणली, तेव्हा सर्वसामान्य ग्राहकासाठी मोठ्या संख्येने बनलेल्या मोटरसायकलवर पुढचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आला. चार सिलिंडर, ७३६ सीसी, त्या काळातला राक्षसच. आणि मागे? ड्रम.

मग कंपन्या मागे डिस्क देतात ते काय नुसतं दिसायला? थोडं दिसायलाही. पण खरी कारणं ताकदीपेक्षा वेगळी आहेत आणि त्यासाठी दोन्ही ब्रेक आतून बघावे लागतील.

पातेलं आणि ताट

ड्रम म्हणजे हबमध्येच असलेलं खोलगट पातेलं. त्याच्या आत दोन अर्धचंद्राकृती शू, त्यांच्या पाठीला लायनर, म्हणजे घासणारा थर. शूंची एकेक टोकं पिनवर टेकलेली, दुसऱ्या टोकांच्या मधोमध चपटी कॅम. पेडल दाबलं की रॉड ओढला जातो, आर्म फिरतो, कॅम फिरून तिरकी होते आणि शू फाकून पातेल्याला आतून घासतात. यात एक गंमत आहे. दोनांपैकी एक शू चाकाच्या फिरण्याबरोबर ओढला जातो आणि दाराखाली सरकवलेल्या पाचरीसारखा स्वतःहूनच आणखी घट्ट बसतो. हा फुकटचा जोर. म्हणून तर एका साध्या सळईवर चालणारा ब्रेक एवढा लागतो. पण हाच फुकटचा जोर लहरीही असतो. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्याच ब्रेकला मागून कशी दचकते, ते आठवून बघा.

डिस्क म्हणजे उघड्यावर फिरणारं ताट, आणि कॅलिपर म्हणजे त्याची कड चिमटीत धरणारा हात. पॅड ही त्या हाताची घासणारी बोटं. इथे पाचरीची मदत नाही. जेवढं दाबाल तेवढंच लागेल, म्हणून पायाला अंदाज बरोबर येतो. पण दाबायला जोर भरपूर लागतो आणि तो तेल पुरवतं. समजा, पेडलजवळ तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन १२ मिमीचा आणि कॅलिपरचा ३० मिमीचा. व्यास अडीचपट, म्हणजे क्षेत्रफळ सव्वासहापट, म्हणजे जोरही सव्वासहापट. त्याआधी पेडलची तरफ पायाचा जोर चौपट करते. पायाने १० किलो दाबलं तर पॅडवर २५० किलो पडतात. दोन्ही बाजूंचं घर्षण धरून आणि डिस्कच्या छोट्या त्रिज्येवरून टायरच्या मोठ्या त्रिज्येवर हिशेब नेऊन हाती उरतात ६५ किलोंच्या आसपास. मघाशी टायरला पेलणारा आकडा काय होता? ३८. म्हणजे अशा जोडणीत पायाचे सहा किलो पडले तरी चाक लॉक व्हायला पुरे. जाड बुटाच्या पायाला सहा किलो कळतसुद्धा नाहीत. मागे डिस्क लावल्यावर "गाडी फारच मागून सरकते" अशी तक्रार येते, तिचं मूळ इथे आहे.

डिस्क खरी उजवी ठरते ती उष्णतेत आणि पाण्यात. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे आणि आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला पोचलं की आपण कोकणात, फारच खाली आलेलो असतो. उतार १,२०० मीटरचा धरला तर २१० किलोंची गाडी उतरताना जेवढी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सात-आठ लिटर साधं पाणी उकळेल. त्यातली काही इंजिन आणि वारा खातो, बाकी ब्रेकच्या वाट्याला. डबल सीट असाल आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची खोड असेल, तर विचारूच नका. बंद पातेल्यातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. लायनरची पकड मंदावते, शिवाय तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो, त्यामुळे पेडल जास्त खाली जातं. डिस्क वाऱ्यात असते आणि तापून फुगली तरी पॅडकडेच फुगते.

पाण्याचंही तसंच. ओढ्यातून गाडी काढली आणि ड्रममध्ये पाणी शिरलं, तर ते लवकर निघत नाही. डिस्कवरचं पाणी पॅड पुसून टाकतात. मात्र चिखलात चित्र पालटतं. मागची डिस्क नेमकी चाकाने उडवलेल्या राड्यात असते आणि कोकणातली लाल माती पॅडमध्ये अडकली की पॅड आणि डिस्क दोन्ही पॉलिश पेपरने घासल्यासारखे झिजतात. शेतरस्त्याने रोज जाणाऱ्याला मी ड्रमच ठेवायला सांगेन.

एक भाग बदलून भागत नाही

बाजारात "किट" म्हणून जे मिळतं त्यात डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, पाइप आणि एक पत्रा असतो. बघून वाटतं, चार बोल्टांचं काम. पल्सरचंच उदाहरण घ्या. २०१८ मध्ये १५०ची ट्विन डिस्क आवृत्ती आली तेव्हा मागे २३० मिमीची डिस्क बसली. पण तेवढंच झालं नाही. पुढची डिस्क २४०ची २६० झाली, पुढचे शॉकअप जाड झाले, मागचा टायर रुंद झाला आणि चाकांमधलं अंतर १,३२०चं १,३४५ झालं. ज्यांच्याकडे कारखाना आहे, त्यांनासुद्धा मागे डिस्क देताना आजूबाजूचं बरंच हलवावं लागलं.

आपल्याकडे सुरुवात चाकापासून होते. ड्रमच्या चाकात उजवीकडे पातेलं असतं, तिथे डिस्क बसवायला जागाच नाही. काही जण लेथवर रिंग बनवून ड्रमच्या तोंडावर डिस्क बसवतात. रिंग अर्धा मिमी जरी तिरकी बसली तरी पेडल पायाखाली धडधडत राहतं. त्यापेक्षा डिस्कसाठीच बनलेलं पूर्ण चाक घेणं शहाणपणाचं. त्यातही अॅक्सलची जाडी, बेअरिंग आणि स्पेसर जुळले पाहिजेत, डावीकडे चेन सरळ रेषेत आली पाहिजे आणि चाक चिमट्याच्या मधोमध बसलं पाहिजे. चिमटा म्हणजे मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा स्विंगआर्म, गॅरेजमध्ये चिमटा हाच शब्द चालतो. मिस्त्री हे दोरीने बघतात: मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी दोरी टेकवून पुढच्या टायरपर्यंत ताणायची. मागचा टायर रुंद असल्यामुळे पुढच्या टायरला दोरी टेकत नाही. दोन्हीकडची फट सारखी आली तर चाक रेषेत. महागड्या यंत्रालाही हे जमणार नाही, असं ते म्हणतात. तसलं यंत्र मी पाहिलेलं नाही.

खरी मेख कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये आहे. कॅलिपर डिस्कला चिमटीत धरतो तेव्हा डिस्क त्याला स्वतःबरोबर फिरवू बघते. मघाचे ३८ किलो टायरच्या कडेवर, म्हणजे अॅक्सलपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर होते. कॅलिपर फक्त १० सेंटिमीटरवर असतो. म्हणजे त्याच्यावरची ओढ तिप्पट, ११५ किलोंच्या घरात. पिशवीभर सिमेंट दोनदा टांगा, तेवढी, आणि तीही प्रत्येक ब्रेकला झटक्याने. ड्रममध्ये ही ओढ टॉर्क आर्म नावाची पट्टी खाते. डिस्कसाठी ब्रॅकेटला चिमट्यावर तेवढीच पक्की खुंटी हवी. ती नसेल तर लोक चिमट्यावरच पट्टी वेल्ड करतात. पातळ पाइप तापवून केलेलं वेल्डिंग आज दिसायला झकास असतं, पण वेल्डशेजारची तडक रंगाखाली लपून वाढते.

यात आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. चेन ताणताना अॅक्सल मागे सरकतो. कॅलिपर चिमट्याला घट्ट जखडला असेल तर डिस्क मागे जाते, कॅलिपर तिथेच राहतो आणि पॅड कडेवरून निसटायला लागतात. म्हणून कंपनीचा ब्रॅकेट अॅक्सलवर ओवलेला असतो आणि चिमट्यावरच्या खुंटीवर चाकाबरोबर पुढेमागे सरकतो. कोणी किट दाखवलं तर मी पहिल्यांदा हेच बघतो. बाकीचं नंतर.

मग पेडल. ड्रमचं पेडल रॉड ओढतं, मास्टर सिलिंडरला मात्र ढकलावं लागतं. त्यामुळे पेडल, त्याची तरफ आणि मास्टर सिलिंडरची जागा हे सगळं एकाच गाडीचं असलेलं बरं. मास्टर एका गाडीचा, कॅलिपर दुसरीचा असं केलं की मघाचा सव्वासहाचा आकडा बिघडतो. लोकांना वाटतं, मोठा मास्टर म्हणजे जोरदार ब्रेक. असतं उलटं: मास्टरचा पिस्टन मोठा केला की पेडल दगडासारखं टणक होतं आणि ब्रेक कमी लागतो.

या जोडणीतली एक चूक मी अगदी जवळून पाहिली आहे. ओळखीच्या एकाने असंच काम करून घेतलं आणि त्याच रविवारी आम्ही कासला निघालो. यवतेश्वरचा घाट चढताना त्याची गाडी ओढेना. आधी वाटलं, क्लच गेला. थांबून बघतो तर मागून जळका वास, आणि गाडी ढकलली तर हलेना. पेडलला कोणी हात लावलेला नव्हता, तरी ब्रेक आपोआप लागून बसला होता. त्याने बाटलीतलं पाणी डिस्कवर ओतलं, चुर्र आवाज झाला. (असं करू नये, तापलेली डिस्क पाण्याने वाकते.) शेवटी टूलकिटमधल्या पान्याने कॅलिपरची निप्पल (हवा आणि तेल सोडायचा छोटा स्क्रू) सैल केली, तेलाची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं.

झालं होतं असं. मास्टर सिलिंडरमध्ये वरच्या टाकीकडे जाणारं सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पेडल सोडल्यावर पिस्टन त्या भोकाच्या मागे गेला पाहिजे, म्हणजे तापून फुगलेलं तेल टाकीत परत जातं. या गाडीत पेडलचा रॉड इतका ताठ लावला होता की पिस्टन पूर्ण मागे जातच नव्हता. भोक बंद. तेल किंचित तापलं, फुगलं, जायला वाट नाही, म्हणून त्याने पॅड दाबले. पॅड घासले, आणखी तापले, आणखी दाबले. रॉडला दोन मिमीची ढील दिली असती तर हे घडलं नसतं. चढावर घडलं म्हणून नुसता खोळंबा झाला.

तेलाविषयी थोडं. डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. मास्टरच्या झाकणावर जे कोरलेलं असेल तेच घालायचं. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल स्पंजसारखं आत जातं. म्हणून दोन वर्षांनी तेल बदलायचं आणि अर्धा वापरलेला जुना डबा घरात जपून ठेवायचा नाही. इंजिन ऑइल तर चुकूनही नाही, सील फुगून निकामी होतात. ब्रेकचं तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं, नाहीतर टाकीचा रंग सोलून निघतो.

हवा काढताना निप्पल कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या टोकाला हवी, कारण बुडबुडे वर जातात. दुसऱ्या गाडीचा कॅलिपर उलटा बसवला असेल तर निप्पल खाली येते आणि पेडल तासभर पंप केलं तरी ते नरमच राहतं. तेव्हा कॅलिपर सोडवून, पॅडमध्ये लाकडाची चिप घालून, निप्पल वर धरून हवा काढायची. आणि सगळं झाल्यावर मागचा लाल दिवा लागतो का ते बघायचं. त्याचा स्विच जुन्या पेडलला स्प्रिंगने जोडलेला असतो आणि पेडल बदललं की तो बिचारा लोंबकळत राहतो.

नव्या गाड्यांत आणखी एक गुंता आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी जोडणी) किंवा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये मागचं पेडल पुढचा ब्रेकही ओढतं, म्हणजे मागची जोडणी तोडली की पुढचीही बिघडते. आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला असेल, तर मागे लावलेल्या डिस्कला त्याची काहीच मदत नाही. चाक लॉक होणारच. कायद्याचंही थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. चिमट्यावर वेल्डिंग केलेली गाडी अपघातात सापडली तर विम्याचा माणूस कुठे बोट ठेवेल, हे सांगायला नको.

भाच्याच्या ड्रमचं काय झालं

मिस्त्रींनी चाक काढलं. लायनरची जाडी अजून बरी होती, फक्त ते काचेसारखे चकाकत होते, म्हणजे पकड गेलेली. कॅम बुशमध्ये सुकून जाम झाली होती. आर्म हाताने हलेना. त्यात मागे कोणीतरी आर्म कॅमच्या दात्यांवर एक दाता पुढे सरकवून लावला होता. झीज लपवायची ही जुनी युक्ती. रॉड घट्ट होतो, पेडल वर येतं, गिऱ्हाईक खूश. पण कॅम आधीच बरीच फिरलेली असते, तिच्यात फाकवायला उरत नाही आणि शेवटी ती आडवी होऊन अडकूही शकते. पेडल दाबून ब्रेक लागला की रॉड आणि आर्म यांचा कोन काटकोनाच्या जवळपास यायला हवा. इथे तो कधीच पलीकडे गेला होता.

कॅम काढून साफ केली, बोटाला लागेल एवढंच ग्रीस दिलं, जास्त दिलं तर ते तापून लायनरवर उतरतं. ड्रम आतून पॉलिश पेपरने घासला, भुकटी न फुंकता ओल्या फडक्याने पुसली. शू नवे घातले, आर्म खुणेला खूण जुळवून बसवला, मागचा नट फिरवून पेडलला इंचभर ढील ठेवली. चाक फिरवून भाच्याला पेडल दाबायला सांगितलं. चाक जागेवर थांबलं.

डिस्कसाठी आणलेले पैसे भाच्याच्या खिशातच होते. मिस्त्रींनी पुन्हा त्या गुळगुळीत पट्ट्यावर अंगठा ठेवला आणि समोरच्या टायरच्या दुकानाकडे नुसतं बघितलं. संध्याकाळपर्यंत मागे नवा टायर बसला.